मोरीतून आलेलं पाणी

पुण्यात जन्म काढलेल्या माणसानं पुणं बघायला पैसे भरायचे, हेच आईला मुळात पटलं नव्हतं. त्यातून ती सहल नदीकाठची. "तीनशे रुपये देऊन मुठेचा वास घ्यायचा? लकडी पुलावर पाच मिनिटं उभी राहा, फुकट मिळतो," असं ती दोन दिवस ऐकवत होती.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून लेकीनं बंगळुरूहून दोन जागा नोंदवल्या होत्या, माझी आणि तिच्या बाबांची. ऐन वेळी ह्यांनी कंबर धरली. नोंदणीच्या निरोपात सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.' ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं आणि आई तयार झाली.

नाव बदलायचं तर नवा अर्ज भरावा लागणार होता. नाव, वय, फोन, आणि 'चालण्यास अडचण येईल अशी काही तक्रार आहे का?' आईचं वय चौऱ्याहत्तर. मी 'गुडघे' लिहायला घेतलं तर म्हणाली, "गुडघे वगैरे काही लिहू नकोस. तक्रार नाही म्हणून लिही. चालून झाल्यावर असली तर सांगीन." पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. तिच्या अर्जात खाडाखोड चालत नाही.

मग व्हॉट्सॲपवरच्या एका गटात आम्हाला घालण्यात आलं. रविवारी सकाळी पावणेसात, लकडी पुलाचं डेक्कनकडचं टोक. पायात बूट, सोबत पाणी, डोक्याला टोपी. 'वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही' हे वाक्य कुणीतरी मुद्दाम ठळक केलं होतं, आणि अडीच-तीन तासांच्या सहलीत बायकांना ते किती महत्त्वाचं वाटतं, हे ठळक करणाऱ्यालाही माहीत असावं. सोय मात्र केली नव्हती.

जानेवारीतली सकाळ. आम्ही साडेसहालाच पोचलो. वाटाड्या मुलगाही हजर होता, तिशीचा, पुरातत्त्वात एम.ए. केलेला, कमरेला छोटा स्पीकर आणि गालाला चिकटलेला माईक. बाकीची मंडळी सात-सव्वासातपर्यंत येत राहिली. एकूण सोळाजण. पिंपळे सौदागरहून आलेलं एक जोडपं, आयटीतली तीन मुलं, दोन कॉलेजच्या मुली, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आणि बाकी कॅमेरेवाले. आईनं सगळ्यांकडे एकदा वर्गावर टाकतात तशी नजर टाकली आणि मला हळूच म्हणाली, "ह्यातला पेठेतला एकही नाही."

पुलावरच पहिला थांबा झाला. मुलगा म्हणाला, "आपण ज्या पुलावर उभे आहोत त्याचं अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल, पण लकडी पूल असंच सगळे म्हणतात. आज त्यात लाकडाची काडीसुद्धा नाही. पहिला पूल लाकडी होता, १७६१ सालचा." मग पानिपत आलं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई, आणि तिथून परतणारी मोडकी-तुटकी माणसं. आपल्याच शहरात तोंड दाखवायची त्यांना लाज वाटू नये, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी नदीवर हा पूल घाईनं बांधवला, अशी गोष्ट आहे. ती सांगून झाल्यावर त्यानं लगेच जोड दिली, "गोष्ट सांगण्यातली आहे, कागदातली नाही. कागदात एवढंच आहे की त्याच वर्षी २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले."

मला हा मुलगा इथेच आवडला. पुण्यात ऐकीव गोष्टी सांगणारे पैशाला पासरी मिळतात, 'ही ऐकीव आहे' असं म्हणणारा विरळा. आईला मात्र ते खटकलं. "खरी नसेल तर सांगू नये, सांगायची तर नीट रंगवून सांगावी. अर्धवट कशाला?"

पुलाखाली उतरायच्या पायऱ्या अरुंद, कठडा नाही आणि रात्रीच्या दवानं ओल्या. एका हातानं माझा दंड आणि दुसऱ्या हातानं पाटबंधारेवाल्या काकांची छत्री धरून आई उतरली. खाली आलो आणि शहराचा आवाज एकदम वर राहिला. नदीपात्रातून मी हजार वेळा गेले असेन, पण स्कूटरवरून, भर वेगात आणि नाकाला ओढणी बांधून. चालत कधी नाही. पाणी बघायला थांबले तर कधीच नाही. पाणी म्हणजे मधोमध दहा-बारा पावलांचा काळपट पट्टा, कडेनं जलपर्णी, आणि त्यात ताठ मानेनं उभे असलेले शेकाटे, लांबलचक गुलाबी पायांचे. इतक्या घाणीत इतका नेटका पक्षी कसा राहतो, कोण जाणे.

"ही खरं तर मुठा नाहीच," मुलगा म्हणाला. आंबी, मोशी आणि मुठा या तीन नद्यांचं पाणी खडकवासल्याला एकत्र येतं. आंबीवर पानशेत, मोशीवर वरसगाव, मुठेवर टेमघर अशी धरणं आहेत आणि खाली खडकवासला. धरणातलं पाणी नळांना आणि कालव्यांना जातं. पावसाळा सोडला तर शहरातल्या पात्रातून वाहतं ते बहुतेक आपण वापरून टाकलेलं पाणी. आयटीतल्या एकानं विचारलं, "म्हणजे सांडपाणी?" मुलगा म्हणाला, "हो, तुमचं आणि माझं." सगळे थोडे हसले आणि पुढे चालू लागले.

डोक्यावरून मेट्रो जाते. तिचे खांब पात्रातच उभे आहेत आणि डेक्कनच्या स्थानकाला मावळी पगडीच्या आकाराचं छप्पर दिलंय. दर काही मिनिटांनी गाडी घुमत वरून जायची आणि मुलाचं बोलणं त्यात बुडून जायचं. शेवटी मेट्रोच्या वेळा बघून तो वाक्यं तोडायला लागला. मला तिथे आमच्या लहानपणीची सर्कस आठवली. याच वाळवंटात तंबू लागायचा, आणि संध्याकाळी हत्ती नदीवर आणलेले पुलावरून दिसायचे. त्यावर मी आईला म्हटलं, "तू आम्हाला सर्कशीला कधी आणलं नाहीस, बाबाच आणायचे." आई "हं" म्हणाली. मी त्या "हं"कडे लक्ष दिलं नाही.

जंगली महाराज रस्त्याच्या बाजूला हात करून मुलानं पाताळेश्वराच्या लेण्याबद्दल सांगितलं. आठव्या शतकातलं, अखंड खडकात कोरलेलं. आणि त्याच शतकातले राष्ट्रकूटांचे दोन ताम्रपट, ७५८ आणि ७६८ सालचे, ज्यात या भागाला 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' म्हटलंय. म्हणजे पुण्याचं नाव लिखाणात सापडतं ते तिथपासून. शनिवारवाड्याच्या पायाचा दगड १० जानेवारी १७३० ला बसला. "पेशवाईच्या आधी हजार वर्षं इथे लोक राहत होते, आणि आपण पुण्याचा इतिहास म्हणजे पेशवाई समजतो," असं त्यानं म्हटल्यावर एका कॅमेरेवाल्यानं मान डोलावून टिपून घेतलं.

भिडे पुलावरून आम्ही पेठेच्या बाजूला आलो. पुण्याचा पाऊस मोजायचं खरं माप म्हणजे हा बुटका पूल. वेधशाळा काहीही म्हणो, भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकर म्हणतो, आता पाऊस झाला. शेजारच्या झेड ब्रिजवर रविवारी सकाळीसुद्धा दोन जोडपी बसली होती. मुलगा त्यावर काही बोलला नाही. इतिहासाला अजून वेळ आहे, असं त्याला वाटलं असावं.

पलीकडे गेल्यावर आई मागे पडली. गुडघे असतील म्हणून मी थांबले. ती पुलाच्या टोकाशी उभी राहून नारायण पेठेकडे जाणाऱ्या चढाकडे बघत होती. "इथे एवढा चढ नव्हता," म्हणाली. "का मला तेव्हा चढ वाटला नाही, कोण जाणे."

एका जुन्या इमारतीपाशी मुलानं सगळ्यांना गोळा केलं. भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या खिडकीच्याही वर, एक फिकी रेघ आणि तारीख रंगवलेली आहे, १२ जुलै १९६१. पानशेतच्या पुराची खूण. मुलाच्या आवाजाची पट्टी बदलली. सहलीचा हा भाग त्यानं नीट बसवलेला दिसत होता. पानशेतचं धरण मातीचं, अजून पुरतं झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं. भराव खचायला लागला तेव्हा लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. बुधवारी सकाळी सातच्या सुमाराला धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्याच्या ब्रिटिशकालीन धरणावर येऊन आदळलं आणि दुपारी तेही गेलं.

पाटबंधारेवाल्या काकांना राहवलं नाही. "मूळ दोष मोरीत होता," ते म्हणाले. "धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी असते ना, तिच्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. पाणी जोरात वाहायला लागलं की ती हादरायची, वरची माती बसत जायची. माथा खाली आला आणि पाणी वरून गेलं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं, की संपलं."

"आणि मग," मुलानं धागा हातात घेतला, "पाण्याची एक प्रचंड भिंत शहरावर चालून आली..."

"नाही," आई म्हणाली.

वर्गात मागच्या बाकावरून कुणी चुकीचं उत्तर दिलं, की म्हणायची तसं. रागानं नाही, आवाजही चढवला नाही. सगळे वळले. मुलगा थांबला.

"भिंत वगैरे वर कुठे आली असेल तर असेल. आमच्याकडे पाणी मोरीतून आलं."

मुलानं विचारलं, "आजी, तुम्ही इथेच होतात?"

"ही जी पांढरी पाच मजली इमारत आहे, तिथे आमचा वाडा होता. मी दहा वर्षांची होते."

तो लगेच गालाचा माईक काढून तिला द्यायला लागला. ती म्हणाली, "तो नको मला. मी पन्नास मुलांच्या वर्गात शिकवलंय."

मला आई पूरग्रस्त आहे हे माहीत होतं. म्हणजे असं, की आजोळचा पत्ता 'पूरग्रस्त वसाहत' होता, आणि लहानपणी मला ते कुठल्याही कॉलनीच्या नावासारखंच नाव वाटायचं. घरी हा विषय निघाला की आजी म्हणायची, "वाचलो, झालं," आणि आई उठून आत जायची. त्या सकाळी नारायण पेठेतल्या एका गल्लीत, दूधवाला सायकलची घंटी वाजवत असताना, चौदा परक्या माणसांसमोर ती पहिल्यांदा सगळं ओळीनं सांगत होती, आणि मी ते त्या चौदाजणांत उभी राहून ऐकत होते.

ती सांगत होती ते असं. सकाळी भुरभुर पाऊस होता. आजीनं शेगडीवर डाळ ठेवली होती. कुणीतरी सायकलवरून ओरडत गेला, धरण फुटलं, पळा. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, छापखान्यात कंपोझिटर होते. ते म्हणाले, अफवा आहे. नदीला पूर दरवर्षी यायचा, पायऱ्या बुडायच्या, पोरं बघायला जायची. त्यात काय? रस्ता कोरडा होता. आणि मग स्वयंपाकघरातल्या मोरीतून घाण वास आला. मोरीच्या भोकातून बुडबुडे यायला लागले, आणि पाणी आत जायच्या ऐवजी वर यायला लागलं. "मोरीत पितळी तांब्या होता, तो उचलला गेला आणि फिरायला लागला. मला गंमत वाटली. मी आईला म्हटलं, तांब्या बघ कसा फिरतोय. आईनं तांब्याकडे बघितलं आणि शेगडीत पाणी ओतलं."

इथे ती थांबली. कॉलेजच्या मुलींपैकी एकीनं पाण्याची बाटली पुढे केली. आईनं एक घोट घेऊन झाकण नीट लावून परत दिली.

"बाहेर रस्ता कोरडा आणि घरात घोट्याएवढं पाणी. म्हणून सांगतेय, भिंत नाही. नदी गटारांतून आधी घरात आली, रस्त्यावर नंतर. ज्यांनी रस्त्याकडे बघून ठरवलं ते राहिले."

आजीनं दाराला कुलूप लावलं. अण्णांनी धाकट्या मामाला खांद्यावर घेतलं, आईच्या हातात देवांचं गाठोडं दिलं, आणि ते लक्ष्मी रस्त्याच्या बाजूनं वर गेले. दुपारी पर्वतीवर होते. पायऱ्यांवर माणसंच माणसं, कुणाच्या हातात कोंबडी, कुणाच्या हातात शिवणयंत्राचं मुंडकं. दुसऱ्या दिवशी अण्णा एकटे खाली जाऊन आले, तिसऱ्या दिवशी सगळे गेले. वाड्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या, त्या विरघळून गेल्या होत्या. गुडघाभर चिखल. आणि त्या ढिगात पुढच्या दाराची सागवानी चौकट तेवढी उभी होती, दार बंद आणि दाराला आजीनं लावलेलं कुलूप.

"कुलूप शाबूत होतं," आई म्हणाली. "आईनं कमरेची किल्ली काढली आणि ते उघडून आत गेली. बाजूनं भिंतच नव्हती, कुठूनही जाता आलं असतं. पण ती दारातून गेली."

कुणी काही बोललं नाही. पिंपळे सौदागरच्या बाईंनी हळूच विचारलं, "ती किल्ली आहे का हो अजून तुमच्याकडे?" मलाही तेच विचारायचं होतं.

"छे. पुढे भांड्यांची मोड दिली तेव्हा त्यात दिली. पितळ होतं चांगलं."

पाटबंधारेवाले काका चष्मा पुसत होते. म्हणाले, ते तेव्हा सातवीत होते, सांगलीला. आईनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू धरण त्यांनी न बांधल्याबद्दल त्यांना यात सूट आहे.

मग तिनं पाण्याची गोष्ट सांगितली. पुरानंतर शहरात पाणीच नव्हतं. दोन्ही धरणं गेलेली, नळ कोरडे. वाड्यावाड्यांतल्या विहिरी उपसल्या. सदाशिव पेठेतल्या हौदावर रांग असायची, आणि दहा वर्षांची आई दोन कळशा घेऊन त्यात उभी असायची. हे ऐकून मुलाचा चेहरा उजळला. त्याच्या सहलीत हा भाग होताच, फक्त तो दुसऱ्या दारानं आत आला. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तळी बांधवून तिथून जमिनीखालून नळ शहरात आणला. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले आणि पेठांमधून हौद बांधले. शहर नदीच्या काठावर आणि प्यायचं पाणी मात्र डोंगरातून. "म्हणजे १९६१ मध्ये धरणं फुटल्यावर तुम्ही नानासाहेबांचं पाणी प्यायलात, आजी." आई म्हणाली, "नानासाहेबांचं की कुणाचं माहीत नाही, पण गोड होतं."

तिथून पुढे सहलीचं रूपच बदललं. मुलगा दर थांब्यावर आपलं बोलून झालं की आईकडे बघायचा. आईलाही ते आवडलेलं दिसत होतं. पण तिनं उगाच काही सांगितलं नाही. जे बघितलं नाही त्याबद्दल "मला माहीत नाही" म्हणायची.

ओंकारेश्वरापाशी वासाला फुलांचा आणि ओल्या दगडाचा आधार मिळतो. चित्रावांच्या पुढाकारानं १७३० च्या दशकात उभं राहिलेलं हे देऊळ. काळा दगड, वर घुमटांचा शिखरसमूह, आणि आवारात चिमाजीअप्पांची समाधी. वसई जिंकली १७३९ मध्ये. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये थोरले बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले आणि डिसेंबरात चिमाजीअप्पाही. मला समाधीपेक्षा दगडी तटाच्या तळाशी बसलेली एक म्हातारी लक्षात राहिली. ती पूजेला आणलेल्या झेंडूच्या पाकळ्या सोडवून देठ वेगळे करत होती. देठ नदीत टाकायचे नाहीत, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, म्हणून ती ते पिशवीत भरत होती.

देवळाशेजारून बालगंधर्वकडे जाणारा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. त्यावर मुलानं माईक बंद केला. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथे गोळ्या घातल्या. एवढं एक वाक्य त्यानं साध्या आवाजात सांगितलं, तारखेसकट. आम्ही उभे होतो तीही फिरायला जायचीच वेळ होती. लोक शेजारून भराभर चालत होते, एकानं "जरा बाजूला" म्हटलं, आम्ही झालो. आई नंतर म्हणाली, "इथे तो बोलला नाही, ते बरं केलं."

अमृतेश्वराशी फार थांबलो नाही. बाजीरावांची बहीण भिऊबाई जोशी यांनी बांधवलेलं देऊळ, एवढं ऐकलं. बायकांनी बांधलेल्या देवळापाशी कमी वेळ थांबणं हा योगायोग असेल, पण उशीर झाला होता आणि माझ्यासकट चार बायका एकमेकींकडे बघत होत्या. स्वच्छतागृहाचा प्रश्न आता इतिहासापेक्षा मोठा झाला होता. शेवटी आईनंच एका ओळखीच्या आडनावाच्या पाटीवर दार वाजवलं, आतल्या बाईंशी दोन मिनिटं बोलली, आणि आम्हा चौघींची सोय झाली. वर चहा विचारला. आई नको म्हणाली आणि मी मनातल्या मनात हळहळले.

शेवट नव्या पुलावर. नवा म्हणजे १९२३ चा. आधी लॉइड ब्रिज, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाचा, मग शिवाजी पूल, आणि लोकांच्या तोंडी शंभर वर्षांनंतरही नवाच. लकडी पुलाला लाकूड नाही आणि नव्या पुलाला नवेपण नाही, यावर मुलानं एक विनोद केला, तो त्यानं आधी पन्नास वेळा केला असणार. खाली दगडी कमानी बघण्यासारख्या आहेत, पण त्या पुलावर उभं राहून दिसत नाहीत. खाली उतरून बघायला हव्यात आणि उतरायला आता कुणाच्या पायात जोर नव्हता.

पुलावरून त्यानं नदीच्या पुढच्या भवितव्याचं सांगितलं. चव्वेचाळीस किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प, मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालेलं. बाजूनं बोलणारे म्हणतात, नदीकाठी लोक येतील. विरोधात असणारे म्हणतात, पात्र आवळलं तर पाणी जाणार कुठे? मग निळी पूररेषा, लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेघा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेही त्यानं सांगितलं. आयटीतल्या तिघांपैकी एक तिथेच राहत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे पण आधी बाथरूममधून आलं." आईनं त्याच्याकडे वळून बघितलं. मग दोघं पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ बोलत होते, किती वाजता, आधी कुठून, कुणी सांगितलं, गाड्या कुठे होत्या. बाकी मंडळी एकत्र फोटो काढत होती. त्या फोटोत ती दोघं पाठमोरी आली आहेत.

मुलानं निघताना विचारलं, "आजी, पुढच्या रविवारी परत याल? मी तुम्हाला घ्यायला येतो." आई म्हणाली, "फी भरावी लागेल का?" तो "छे, छे" म्हणाला. "मग बघते."

संध्याकाळी गटात अभिप्रायाचा अर्ज आला. पाचपैकी किती तारे, आणि खाली मोकळी जागा. आईनं मला शेजारी बसवून सांगितलं, मी लिहिलं:

'मुलगा अभ्यासू आहे. वेळेवर येतो. पायऱ्यांना कठडा हवा, निदान दोरी बांधावी. बायकांची सोय करावी, दरवेळी ओळखीचं घर निघत नाही. पानिपतची गोष्ट पुरती सांगावी किंवा सांगू नये. नारायण पेठेत पाणी मोरीतून आलं, भिंतीसारखं नाही, ही दुरुस्ती पुढच्या सहलीपासून करावी.'

तारे चार. मी विचारलं, पाचवा का नाही?

"चहा कुठे दिला त्यांनी?"